वयानुसार पिलाटेस : काय करावे आणि काय सोडावे

बडोद्याच्या मराठी घरांना व्यायामाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि राजरत्न प्रा. माणिकराव यांची परंपरा ज्या शहरात रुजली, तेथे आजोबा मल्लखांब करीत आणि आजी सूर्यनमस्कार घालीत, असे सांगणारी कुटुंबे दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात आजही भेटतात. त्यामुळे पिलाटेस, म्हणजे श्वासाच्या लयीत सावकाश आणि ताबा ठेवून करायच्या हालचालींची व्यायामपद्धत, शिकायला येणाऱ्या मंडळींना आळसापेक्षा जुनी सवयच जास्त आडवी येते. आखाड्यातला व्यायाम आकड्याने वाढत जातो. आज पन्नास बैठका, तर दिवाळीपर्यंत शंभर. पिलाटेसमध्ये बहुतेक प्रकार सहा ते दहा वेळाच करायचे असतात, आणि वय, बाळंतपण किंवा आजारपण यांप्रमाणे त्या प्रकाराचे रूप बदलत राहते. म्हणूनच पुढील मजकुरात कोणत्या वयात काय करावे याच्याइतकेच, किंबहुना थोडे अधिक, काय सोडावे याविषयी लिहिले आहे.

सोडण्याची वेळ का येते, हे या पद्धतीच्या जन्मकथेवरून कळते. जर्मनीत १८८३ साली जन्मलेले जोसेफ पिलाटेस लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी त्रस्त होते. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ते ब्रिटनमध्ये स्थानबद्ध होते, आणि त्या काळात त्यांनी आपल्या पद्धतीला आकार दिला. पुढे १९२६ च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले आणि १९६७ मध्ये निधन होईपर्यंत तेथेच राहिले. त्यांच्याकडे येणाऱ्यांत नर्तक आणि नर्तिका पुष्कळ होत्या. चटईवरचे जे ३४ प्रकार त्यांनी क्रमाने लावले, त्यांतले बरेचसे पाठीचा कणा पुढे गोल वाकवणारे किंवा कण्यावर लोळवणारे आहेत. पंचविशीच्या नर्तिकेला त्यात गंमत वाटेल. पण हाडे विरळ झालेल्या पासष्टीच्या बाईंच्या मणक्यांना तेच वाकणे धोक्याचे ठरू शकते. मोबाइलवर ‘मूळ मालिका’ म्हणून जे दाखवले जाते ते जसेच्या तसे घरच्या सगळ्यांनी मिळून करू नये, याचे कारण एवढेच आहे.

सर्व वयांना लागणारा पाया

उताणे झोपून गुडघे दुमडावेत आणि पावले कमरेच्या रुंदीइतक्या अंतरावर ठेवावीत. दोन्ही तळहातांची टाच कमरेच्या पुढच्या हाडांवर आणि बोटांची टोके ओटीपोटाच्या खालच्या हाडावर टेकवली, की हातांचा त्रिकोण तयार होतो. हा त्रिकोण जमिनीला समांतर असला, म्हणजे कणा त्याच्या नैसर्गिक स्थितीत आहे असे समजावे. कमरेखाली थोडी पोकळी राहते, ती दाबून सपाट करण्याची गरज नसते. यानंतर एक ओढणी किंवा उपरणे छातीच्या खालच्या फासळ्यांभोवती गुंडाळून त्याची टोके समोर हलकीच धरावीत. नाकाने श्वास घेताना फासळ्या दोन्ही बाजूंना आणि पाठीकडे फुलून ओढणी ताणली गेली पाहिजे, आणि तोंडाने सावकाश सोडताना ती सैल पडली पाहिजे. योगासनांच्या वर्गात पोट फुगवून श्वास घेण्याची सवय लागलेल्यांना हे पहिले आठ दिवस उलटेच वाटते, परंतु पोटाचे स्नायू कामात असतानाही श्वास चालू राहावा यासाठी ही पद्धत आहे.

श्वास सोडताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, म्हणजे लघवी थांबवताना जे आवळले जातात ते, हलकेच वर ओढावेत आणि बेंबीखालचा भाग आत घ्यावा. जोर पूर्ण ताकदीच्या साधारण एक तृतीयांश असावा. ही ओळख पटल्यावर प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा सराव करू नये, कारण त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची सवय लागू शकते. दुसरे पथ्य श्वासाचे आहे. दंड-बैठका काढताना श्वास कोंडून जोर लावणारे बरेच जण येथेही तेच करतात, आणि त्याने रक्तदाब एकदम चढतो. ज्या हालचालीला जोर लागतो तेथे श्वास सोडावा; श्वास अडला, तर तो प्रकार आजच्या दिवसापुरता आपल्यासाठी जड आहे असे मानून त्याचे सोपे रूप करावे. ही खूण मी इतर कोणत्याही मोजमापापेक्षा विश्वासाची मानते.

स्नायूंना ऊब येणे, पोट किंवा मांडी थरथरणे हे चालण्यासारखे आहे. सांध्यात टोचणारी कळ, मुंग्या, बधिरपणा किंवा कमरेतून गुडघ्याखाली उतरणारी वेदना आली तर थांबावे. त्यातही दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, अथवा पाऊल उचलता न येणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे व्यायामाने वाट पाहण्यासारखे काही उरत नाही.

चटईबद्दल थोडेसे. योगासनांची चार ते सहा मिलिमीटर जाडीची चटई कोटा फरशीवर पातळ पडते आणि मणके खुपतात. पिलाटेससाठी दहा ते पंधरा मिलिमीटरची चटई बरी. गादीवर व्यायाम करू नये आणि चटईखाली सतरंजी घालू नये, कारण ती सरकते. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत व्यायाम उरकावा आणि पंखा बंद करून घाम काढण्याचा मोह टाळावा. रविवारी सकाळी सेव-उसळ खाल्ली असेल, तर किमान दोन तास पोटावर आणि पाठीवर झोपण्याचे प्रकार करू नयेत.

मुले आणि तरुण

लहान मुलांना पिलाटेसचा वेगळा वर्ग लागतोच असे मला वाटत नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी तासभर दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ते मैदानावर अधिक चांगले होते. आठ-नऊ वर्षांनंतर सूचना नीट ऐकणाऱ्या मुलाला दहा-पंधरा मिनिटे मोठ्यांबरोबर करू द्यावे. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात ताणाचे प्रकार ओढून करवू नयेत. ज्या मुलीचे कोपर आणि गुडघे मागे वाकतात तिचे कौतुक करून तिला आणखी वाकवू नये. तिला लवचीकपणापेक्षा सांधा आवरण्याची ताकद हवी असते. पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. पाळीच्या दिवसांत व्यायाम बंद ठेवण्याचे वैद्यकीय कारण नाही. पोट दुखत असेल तर कुशीवरचे आणि श्वासाचे प्रकार करावेत.

नोकरीच्या वयात दिवसभर खुर्ची आणि स्कूटर यांत कंबर आखडते. अशांना छाती उघडणारे, पाठ मागे नेणारे आणि नितंबांना काम देणारे प्रकार अधिक लागतात. पोटाच्या उठाबशा त्या मानाने कमी. कमरेच्या चकतीचे दुखणे ताजे असताना तर पुढे वाकण्याचे प्रकार पूर्ण बाजूला ठेवावेत.

बडोद्यात राहणाऱ्याला वर्षातून दोनदा शरीराची खास परीक्षा द्यावी लागते. नवरात्रात नऊ रात्री अनवाणी गरबा खेळताना पोटऱ्या, गुडघे आणि कंबर यांवर जो भार येतो, तो आधी महिनाभर तयारी केल्यास बराच सुसह्य होतो. भिंतीला बोटे टेकून एका पायावर टाच वर-खाली करणे, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे आणि पुलाचा प्रकार (उताणे झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणे), हे तिन्ही दिवसाआड करावेत आणि गरब्याच्या दिवसांत व्यायाम निम्म्यावर आणावा. उत्तरायणाला दिवसभर गच्चीवर मान वर करून पतंग पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी मान आखडलेली असते. अशा वेळी डोके चटईवरून उचलण्याचे सर्व प्रकार दोन-तीन दिवस सोडावेत आणि उताणे झोपून हनुवटी किंचित आत घेत डोक्याचा मागचा भाग खाली टेकवण्याचा साधा सराव करावा.

गरोदरपण आणि बाळंतपण

डोहाळे लागलेल्या सुनेने व्यायाम करावा की नाही, यावर घरात आईचे एक, सासूबाईंचे दुसरे आणि डॉक्टरांचे तिसरे मत असते. त्यांतले तिसरे आधी विचारावे. वार खाली असणे, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असणे, रक्तदाब वाढलेला असणे, रक्तस्राव होणे किंवा मुदतीपूर्वी कळा येण्याचा धोका असणे, अशा स्थितीत व्यायाम डॉक्टर सांगतील तेवढाच, आणि बहुधा नाहीच. प्रकृती ठीक असेल तर आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम गरोदर स्त्रीनेही करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे, आणि पिलाटेस त्याचा एक भाग होऊ शकतो. व्यायाम करताना सलग बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटत असेल तर वेग कमी करावा.

चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर फार वेळ सपाट उताणे झोपू नये, कारण वाढलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन भोवळ येऊ शकते. पाठीमागे लोड आणि दोन उशा लावून तिरके रेलावे, किंवा कुशीवर, बसून आणि हात-गुडघ्यांवर राहून करण्याचे प्रकार निवडावेत. पोटावर झोपणे, डोके-खांदे उचलून पोट आवळणे, दोन्ही पाय एकदम उचलणे, कमरेतून खोल पीळ देणे हे सर्व या काळात सोडून द्यावे. संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल होतात आणि शरीर एरवीपेक्षा अधिक वाकते. ते जमते म्हणून टोकापर्यंत ताणू नये. रक्त किंवा पाणी जाणे, छातीत दुखणे, चक्कर, तीव्र डोकेदुखी, एका पोटरीत सूज व वेदना, नियमित कळा किंवा बाळाची हालचाल कमी जाणवणे, यांपैकी काहीही झाल्यास व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना कळवावे.

बाळंतिणीच्या सव्वा महिन्याच्या विश्रांतीविषयी नव्या पिढीत नाराजी असली, तरी व्यायामाच्या दृष्टीने ती मुदत फारशी चुकीची नाही. नैसर्गिक बाळंतपण झाले असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटले असेल, तर पहिल्या काही दिवसांतच पडल्या पडल्या फासळ्यांचा श्वास आणि ओटीपोटाच्या तळाचे हलके आवळणे सुरू करता येते. त्यापुढचे सारे सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर. सिझेरियन असेल तर त्याहूनही सावकाश जावे आणि टाक्यांच्या जागी ओढ लागत असेल तेवढ्यापुरते मागे यावे. पोट घट्ट बांधल्याने स्नायू जुळून येत नाहीत, शिवाय फार आवळल्यास दाब खाली ओटीपोटाच्या तळावर जातो. हे सासूबाईंना समजावणे कठीण असते हे मला मान्य आहे. अशा वेळी पट्टा सैल बांधून घ्यावा आणि वाद टाळावा.

पोटाचे उभे स्नायू मध्यरेषेवर एकमेकांपासून दूर गेले आहेत का, हे घरी पाहता येते. गुडघे दुमडून उताणे झोपावे, बेंबीच्या जरा वर दोन बोटे आडवी ठेवावीत आणि डोके किंचित उचलावे. दोन बोटांहून अधिक फट जाणवली, किंवा पोटाच्या मधोमध टोकदार उंचवटा वर आला, तर फळीसारखे शरीर धरण्याचे आणि डोके उचलण्याचे प्रकार पुढे ढकलावेत आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावे. तोच उंचवटा पुढेही कामाची खूण ठरतो : कोणत्याही प्रकारात तो दिसला, तर पाय खाली आणावेत किंवा एकेका पायाने करावे. खोकताना लघवीचा थेंब जाणे किंवा खाली जडपणा वाटणे ही आणखी एक थांबण्याची खूण आहे. ‘बाळंतपणानंतर असे व्हायचेच’ म्हणून बायका वर्षानुवर्षे गप्प राहतात, पण योग्य सरावाने हा त्रास पुष्कळांचा कमी होतो. व्यायामापूर्वी बाळाला पाजून घ्यावे, म्हणजे अंगही हलके राहते आणि मनही.

पाळी थांबण्याचा काळ आणि हाडे

पंचेचाळीस ते पन्नासच्या आसपास पाळी अनियमित होऊन थांबते आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हाडांची घनता वेगाने उतरते. याच वयात बहुतेक काकू-मावश्या पहिल्यांदा पिलाटेसकडे वळतात, तोही पोट कमी करण्यासाठी, आणि नेमके पोटाच्या उठाबशांचेच प्रकार मागतात. येथे शिकवणाऱ्याने ठाम राहावे. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली असेल आणि टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता सांगणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याहून कमी आला असेल, तर कणा पुढे गोल करणारे प्रकार, म्हणजे रोल-अप (उताण्या स्थितीतून पाठ गोल करत उठून बसणे), रोल-ओव्हर (उताणे झोपून पाय डोक्यामागे नेणे), चेंडूसारखे लोळणे आणि बसून पुढे वाकत पीळ देणारा सॉ, हे कायमचे सोडावेत. मणक्यांचा पुढचा भाग अशा वाकण्यात चेपला जातो आणि विरळ हाड तेथेच बसते. तपासणी झालेली नसेल, पण उंची दोन-तीन सेंटीमीटरने घटली असेल, पाठीला पोक येऊ लागले असेल किंवा दमा-संधिवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या फार दिवस घेतल्या असतील, तर तपासणी होईपर्यंत हेच पथ्य पाळावे. शेवटची गोष्ट पुरुषांनाही तितकीच लागू आहे.

सोडलेल्या प्रकारांच्या जागी काय घ्यावे, हे ‘हंड्रेड’ या प्रकारावरून दाखवता येईल. मूळ रूपात डोके, खांदे आणि दोन्ही पाय हवेत धरून, पाच ठोक्यांत श्वास घेत आणि पाच ठोक्यांत सोडत, हात शंभर वेळा वर-खाली हलवायचे असतात. हाडे विरळ असणाऱ्यांनी डोके चटईवर किंवा पातळ उशीवर ठेवावे, पावले जमिनीवर टेकवावीत, आणि फक्त हात आणि श्वास चालू ठेवावेत. शंभराचा हट्ट नको, पन्नासांत थांबले तरी चालते. पोटाचे काम श्वासातून होतच राहते आणि मणक्यांवर वाकण्याचा भार पडत नाही.

याच्या जोडीला पाठ मागे नेणारा प्रकार रोज असावा. पालथे झोपून कपाळाखाली घडी केलेला टॉवेल घ्यावा, हात अंगालगत ठेवावेत, आणि श्वास सोडताना खांद्याची पाती कमरेकडे सरकवत छाती फक्त दोन बोटे उचलावी. नजर जमिनीकडेच राहावी. मान वर करून समोर पाहिले की सगळा भार मानेवर जातो. पुलाच्या प्रकारात कंबर खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत सरळ रेष होईल इतकीच उचलावी आणि वजन खांद्यांवर राहू द्यावे, मानेवर नव्हे. हेच शिस्तीचे वाकणे घरातही उतरवावे : केर भरताना किंवा पाण्याची कळशी उचलताना पाठ गोल न करता कमरेच्या सांध्यातून वाकावे आणि गुडघे दुमडावेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चटईवरच्या पिलाटेसने तोल, ताकद आणि उभे राहण्याची ढब सुधारते, परंतु हाडे टिकवण्यासाठी लागणारा भार त्यातून पुरेसा मिळत नाही. कमाटी बागेतले भरभर चालणे, जिन्याची चढउतार आणि डंबेल किंवा रबरी पट्ट्यांचा व्यायाम हे त्याच्या जोडीला हवेत.

साठीनंतर

जमिनीवर बसता येत नाही म्हणून पिलाटेस बंद करण्याचे कारण नाही. निम्म्याहून अधिक प्रकार खुर्चीवर बसून किंवा स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून करता येतात. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकते, म्हणून जड लाकडी खुर्ची घ्यावी आणि तिची पाठ भिंतीला टेकवावी. ओट्याला दोन्ही हात, मग एक हात, मग फक्त दोन बोटे टेकून एका पायावर उभे राहणे, टाचा उचलणे आणि एका रेषेत पावले टाकणे हे तोलाचे प्रकार आठवड्यातून तीन दिवस तरी असावेत.

जमिनीवर उतरण्याची इच्छा असेल, तर उठण्याची रीत आधी शिकावी. उताण्या स्थितीतून एकदम उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, वरचा हात छातीसमोर टेकवून बाजूने उठावे, हात-गुडघ्यांवर यावे, जवळ ठेवलेल्या खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात ठेवावेत, बळकट पायाचे पाऊल पुढे टेकवावे आणि हातांनी रेटत उभे राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मधल्या टप्प्यावर मिनिटभर बसून मगच पूर्ण उठावे.

काचबिंदू असल्यास डोके हृदयापेक्षा खाली जाईल असा कोणताही प्रकार करू नये. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये, जवळ साखर ठेवावी, आणि पायांना बधिरपणा असेल तर अनवाणी न करता घसरू न देणारे मोजे घालून व्यायामानंतर तळपाय पाहावेत. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी पाय एकमेकांवर टाकणे किंवा गुडघा पोटाकडे ओढणे शल्यचिकित्सकांना विचारल्याशिवाय करू नये. गुडघे दुखणाऱ्यांनी गुडघ्यांवर टेकण्याचे प्रकार ओट्याला हात लावून उभ्याने करावेत.

स्प्रिंगा आणि सरकती बैठक असलेल्या रिफॉर्मर यंत्राविषयी ज्येष्ठांना वाटणारी भीती आणि आकर्षण दोन्ही मोठे असतात. पाठीला आधार देणारे ते यंत्र कित्येकांना चटईपेक्षा सोयीचे जाते. मात्र हलकी स्प्रिंग म्हणजे सोपे काम, असा समज करून घेऊ नये. काही प्रकारांत स्प्रिंग हलकी केली की सरकती बैठक अस्थिर होते आणि शरीर सावरायला जास्त ताकद लागते. म्हणून यंत्रावर पहिले काही आठवडे एकट्याने चढू नये, आणि जो शिक्षक पहिल्या दिवशी रक्तदाब, शस्त्रक्रिया, औषधे, बाळंतपणे आणि हाडांची तपासणी यांविषयी विचारत नाही, त्याच्या वर्गाचे पैसे भरण्याआधी दुसरा वर्ग पाहून यावा.